ग्वाल्हेर स्टेशन आणि आपली छोटी लाईन

ग्वाल्हेर स्टेशनचं नवं काम सुरू झाल्यापासून आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत सारखा तोच विषय असतो, नवी बिल्डिंग, लिफ्ट, मोठं वेटिंग हॉल वगैरे, आणि ते हवंच होतं, गर्दी किती वाढलीये बघा ना. पण मला खरं बोलायचंय ते छोट्या लाईनबद्दल, म्हणजे इथून श्योपूरला जाणाऱ्या जुन्या अरुंद रुळांच्या रेल्वेबद्दल.

ग्वाल्हेर संस्थानचे राजे माधवराव शिंदे महाराजांना रेल्वेचं भयंकर वेड, त्यांच्या जयविलास राजवाड्यातल्या डायनिंग टेबलावर चांदीची ट्रेन पळायची ती त्यांचीच. त्यांच्याच काळात संस्थानाने ग्वाल्हेर लाईट रेल्वे उभी केली, रुळांमधलं अंतर फक्त 2 फूट, आणि श्योपूरपर्यंत जवळजवळ 200 किमी! इतकी लांब 2 फुटी लाईन जगात क्वचितच असेल. स्पीड कमी, लोक टपावर बसायचे, पण सबलगढ, कैलारसच्या गावांना शहराशी जोडणारी तीच होती.

2020 मध्ये ती बंद झाली, आता तिथे ब्रॉडगेज टाकतायत, कैलारसपर्यंत गाडी सुरूही झाली. गावांचा फायदाच आहे, मान्य. पण जुने डबे, इंजिनं, सिग्नल नीट जपायलाच हवेत, नव्या स्टेशनातच एक दालन करा ना त्यासाठी!