पुण्याच्या उन्हाळ्यात बॉल पायथनची अंडी : या हंगामाची नोंद

बॉल पायथन या आफ्रिकी अजगराच्या अंड्यांविषयी आपल्यापर्यंत पोहोचणारी माहिती बहुतांशी थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेली असते. त्यांच्या खोलीत वीस-बावीस अंश तापमान असते, अंडी उबवण्याची पेटी तापवायची असते, आणि ठरलेला आकडा गाठला की हीटर बंद करणे एवढेच थर्मोस्टॅटचे काम असते. पुण्यात मात्र हिवाळ्यात जमवलेल्या जोडीची अंडी एप्रिलच्या अखेरीस येतात. त्या वेळी गच्चीखालच्या मजल्यावरची खोली दुपारी पस्तीस अंशांपर्यंत जाते आणि हीटर बंद करून झाल्यावर थर्मोस्टॅट हात टेकतो. त्यामुळे आपल्याकडे खरा प्रश्न ऊब देण्याचा नसून ती रोखण्याचा आहे. या नोंदीतला बराचसा भाग त्याविषयीच आहे.

नव्या मंडळींसाठी कायद्याचा मुद्दा आधी सांगते. आपला भारतीय अजगर वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो घरी ठेवणे हा गुन्हा आहे, त्यामुळे त्याच्या पैदाशीचा विचारही करू नये. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला आहे आणि सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात येतो. कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली, आणि २०२४च्या नियमांनुसार ती केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. प्राण्याची मालकी बदलली, त्याला पिल्ले झाली किंवा तो मेला, तर तेही कळवावे लागते. ज्याच्याकडे मूळ जोडीचे कागद नाहीत त्याने अंड्यांच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या हंगामातली मादी साध्या रंगाची असून जोडी जमवताना तिचे वजन सुमारे २,१०० ग्रॅम होते. नर ‘पेस्टल’ या उजळ पिवळसर रंगप्रकाराचा (अशा वंशागत रंगप्रकारांना मॉर्फ म्हणतात), साधारण ८०० ग्रॅमचा. मादी दीड किलोच्या खाली असताना जोडी लावू नये हा पाळणाऱ्यांमध्ये रूढ असलेला दंडक मला योग्य वाटतो, कारण अंडी घालून झाल्यावर तिच्या अंगावर काय उरते हे पाहिले की दीड किलोही कमीच वाटू लागते. पेस्टल हा अपूर्ण प्रभावी, म्हणजे एकाच पालकाकडून जनुक आले तरी दिसणारा गुणधर्म असल्यामुळे प्रत्येक अंड्यातून पेस्टल पिल्लू निघण्याची शक्यता निम्मी असते. ‘स्पायडर’ या मॉर्फचा नर स्वस्तात देऊ केला गेला होता, तो मी घेतला नाही. त्या मॉर्फसोबत डोके डोलण्याचा, तोल जाण्याचा दोष वंशातच येतो, आणि अंगावरची नक्षी कितीही देखणी असली तरी तो दोष जाणूनबुजून पुढच्या पिढीत पाठवणे मला पटत नाही.

हिवाळ्यात पुण्याला फारसे काही करावे लागत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बाहेर दहा-बारा अंशांपर्यंत उतरतात, घरातही गारठा येतो. पेटीचे रात्रीचे तापमान चोवीस अंशांच्या खाली जाऊ न देता दिवसा तापलेला कोपरा नेहमीसारखा ठेवला, म्हणजे मीलनाला हवा तेवढा बदल आपोआप मिळतो. थंडीचे दिवस संपेपर्यंत नराला अधूनमधून मादीच्या पेटीत सोडले आणि मधल्या काळात त्याला खाऊ-पिऊ घालून विश्रांती दिली. मार्चच्या सुरुवातीला मादीचे मधले अंग एक दिवसभर ठळकपणे फुगलेले दिसले. बीजांडे सुटल्याची ही खूण असते आणि ती एका दिवसात विरत असल्याने रोज न पाहणाऱ्याला दिसतच नाही. त्यानंतर तिने अन्न सोडले, महिनाअखेरीस कात टाकली, आणि त्या कातेपासून सुमारे महिनाभराने ओलसर शेवाळाने भरलेल्या डब्यात अंडी घातली. एकूण सात अंडी मिळाली. सहा पांढरीशुभ्र व टणक, तर सातवे लहान, पिवळसर आणि मेणचट; ते वांझ होते.

अंडी मादीखालून काढावीत की तिलाच उबवू द्यावीत, यावर आपल्यात नेहमी वाद होतो. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून त्यांना स्वतःच्या अंगाची ऊब देते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ वालांसिएन यांनी १८४१ साली पॅरिसमध्ये तापमान मोजून दाखवले होते. पुढे न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील ब्रह्मी अजगराच्या मादीवर झालेले आणि १९६६ साली प्रसिद्ध झालेले काम असे सांगते की ही ऊब स्नायूंच्या लयबद्ध आकुंचनातून निर्माण होते आणि हवा जितकी थंड तितकी आकुंचने वाढतात. पण हे मोठ्या आशियाई अजगरांबद्दल झाले. बॉल पायथनची मादी अशी थरथरून उष्णता निर्माण करत नाही; तिच्या वेटोळ्याचा मुख्य उपयोग अंड्यांतले पाणी उडून जाऊ न देण्यासाठी होतो. म्हणजे तापमान सांभाळणे शेवटी आपल्याकडेच येते. शिवाय मार्चपासून उपाशी असलेल्या मादीने आणखी दोन महिने उपाशी बसावे असे मला वाटत नाही, म्हणून अंडी काढली. अंड्यांचा वास राहिला तर ती तिथेच वेटोळे घालून बसून राहते, यासाठी तिला कोमट पाण्याने धुतले, पेटी पूर्ण स्वच्छ केली, आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात तिने उंदीर घेतला.

काढताना प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण केली. पहिल्या दिवसानंतर गर्भ कवचाच्या वरच्या भागाला चिकटतो, त्यामुळे कोंबडीच्या अंड्यांसारखी ही अंडी फिरवायची नसतात. एकमेकांना घट्ट चिकटलेली तीन अंडी तशीच राहू दिली. डब्याच्या तळाशी परलाइट (कुंड्यांच्या मातीत घालतात ते पांढरे, हलके खनिज) आणि पाणी वजनाने सम प्रमाणात घेतले आणि त्यावर प्लास्टिकची जाळी ठेवून अंडी जाळीवर मांडली, म्हणजे दमटपणा शंभर टक्क्यांच्या जवळ राहतो पण ओल अंड्याला थेट लागत नाही. बाल्कनीत बागा करणाऱ्यांच्या कृपेने परलाइट आता कोणत्याही रोपवाटिकेत मिळते. झाकण किंचित तिरके ठेवले की वाफेचे थेंब कडेने ओघळतात, अंड्यांवर पडत नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येते. उबवणीची पेटी म्हणजे कॉम्प्रेसर काढून टाकलेला जुना फ्रिज. त्यात कमी वॉटची हीटिंग केबल, संगणकातला छोटा पंखा आणि तळाशी पाण्याच्या बाटल्यांत दहा लिटर पाणी. बाटल्यांचे महत्त्व आकड्यांत पाहावे. दहा लिटर पाणी एक अंशाने तापायला सुमारे ४२ किलोजूल उष्णता लागते, तर दोनशे लिटरच्या फ्रिजमधली सगळी हवा एक अंशाने तापवायला पाव किलोजूलही लागत नाही. दार उघडले, वीज गेली, तरी पेटीचे तापमान झटकन हलत नाही ते या पाण्यामुळे. थर्मोस्टॅट साडेएकतीस अंशांवर ठेवला आणि त्याचा सेन्सर मोकळ्या हवेत न सोडता अंड्यांच्या डब्यात, अंड्यांच्या उंचीवर बसवला. त्याआधी सेन्सर आणि थर्मामीटर दोन्ही बर्फ व पाण्याच्या मिश्रणात धरून शून्य अंश तपासले. उकळत्या पाण्यावर तपासणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने इथे पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते.

एवढे करूनही पेटी खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. तेहतीस-चौतीस अंशांच्या वर अंडी बराच काळ राहिली तर पिल्लांचा मणका वाकडा होण्याचा किंवा गर्भच मरण्याचा धोका असतो. त्यामुळे मी पेटी थंड करण्याच्या खटपटी बाजूला ठेवून खोलीच साडेएकतीसच्या खाली ठेवायचे ठरवले, म्हणजे सूत्रे पुन्हा हीटरच्या हाती येतात. पश्चिमेची भिंत नसलेली आतली खोली निवडली आणि खिडकीत वाळा लावलेला कूलर बसवला. एप्रिल-मेमध्ये पुण्याची हवा दुपारी इतकी कोरडी असते की बाष्पीभवनाने खोली सहज सात-आठ अंशांनी उतरते. मात्र हवा बाहेर जायला वाट हवी, नाहीतर खोली दमट होऊन कूलरचा परिणाम संपतो. एसीने हे काम सोपे होते, पण विजेचा भार वाढतो आणि वीज गेली की इन्व्हर्टरवर कूलर जितका वेळ चालेल तितका एसी चालत नाही.

वीज जाण्याचाही विचार उलट्या दिशेने करावा लागतो. थंड देशात वीज गेली की अंडी गारठतात, आपल्याकडे मे महिन्यात ती तापतात. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात त्याची वेळ निदान आधी कळते. वळवाच्या पावसात जाणारी वीज काहीच सांगून जात नाही. यासाठी फ्रीजरमध्ये गोठवलेल्या बाटल्या कायम तयार ठेवल्या होत्या (कोकम सरबताशेजारी त्यांना जागा मिळवणे हा या हंगामातला सर्वांत अवघड वाटाघाटींचा भाग). वळवाच्या एका संध्याकाळी खोली चौतिसाकडे सरकू लागली, तेव्हा कापडात गुंडाळलेली एक बाटली पेटीच्या तळाशी, अंड्यांपासून दूर ठेवली. डब्यातले तापमान बत्तिसाला टेकले, त्यापुढे गेले नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला आणि सगळे चित्र बदलले. हवा दमट झाल्यावर कूलरचा काही उपयोग राहिला नाही आणि त्याची गरजही संपली, कारण खोली अठ्ठावीस अंशांवर उतरली होती. केबल दिवसभर थोडी थोडी चालू राहिली आणि उरलेले दिवस पुस्तकात लिहितात तसे गेले. वाढत्या गर्भांची स्वतःची उष्णता शेवटी शेवटी जाणवते, म्हणून डब्यातला आकडा रोज पाहत राहिले.

सुरुवातीलाच टॉर्चच्या उजेडावर धरून सहाही अंड्यांत लालसर शिरांचे जाळे दिसले होते. शेवटच्या दोन आठवड्यांत अंडी वरून खोलगट झाली. हे स्वाभाविक आहे, त्या वेळी पाणी शिंपडण्याचा मोह टाळावा. जूनच्या उत्तरार्धात पहिल्या अंड्याला चीर पडली. पिल्लू अंडदंताने कवच फाडते आणि नाक बाहेर काढून एक-दोन दिवस तसेच आत बसते. उरलेला बलक त्या काळात अंगात ओढला जातो. पहिले पिल्लू बाहेर येताच बाकीची अंडी कात्रीने उघडण्याची पद्धत काहीजण पाळतात, मी ती पाळत नाही. सहापैकी पाच पिल्ले स्वतःहून बाहेर आली. सहाव्या अंड्यात पूर्ण वाढलेले पण मेलेले पिल्लू निघाले. त्याला बाहेरून कोणतेही व्यंग दिसले नाही.

तापमानावरून नर-मादी ठरते का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. मगरींत आणि अनेक कासवांत तसे ठरते. अजगरांत लिंग गुणसूत्रांवर ठरते. त्यामुळे पेटीचा आकडा बदलून माद्या मिळवण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे.

पाचपैकी तीन पिल्ले पेस्टल, दोन साधी आहेत. जन्मवजने ५२ ते ६१ ग्रॅम भरली. सगळ्यांनी पहिली कात टाकली असून चौघांनी उंदराचे पिल्लू घेतले आहे. पाचवे, साधेच, भक्ष्य पाहून गोळा होऊन बसते. त्याला लहान डब्यात, कागदाच्या चुरगळ्यात हलवले आहे आणि आठवडाभर हात न लावता पुन्हा देऊन पाहणार आहे. पिल्लांची माहिती परिवेशवर भरली आहे, आणि ती पाचही पोटभर खाऊ लागेपर्यंत एकही दुसरीकडे जाणार नाही. मादी अंडी घातल्यावर सुमारे १,४५० ग्रॅमवर आली होती. ती आता नियमित खात आहे. १,९०० ग्रॅमच्या वर गेली नाही, तर येत्या हिवाळ्यात नर तिच्या पेटीत सोडणार नाही.