डावीकडची की उजवीकडची?

दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात भाचीचा फोन. "मामा, पटकन सांग, सीट डावीकडची घेऊ का उजवीकडची?" हॅलो नाही, कसा आहेस नाही. ती आणि नवरा स्वित्झर्लंडला निघालेत. लॅपटॉपवर डब्याचा नकाशा उघडलाय आणि दुसऱ्या कुणी खिडकी पटकवायच्या आत तिला उत्तर हवंय.

मी स्वित्झर्लंडला गेलेलो नाही, जाईन असं वाटतही नाही. पण कुठल्या गाडीत कुठल्या बाजूला बसायचं हे खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. सेंट मॉरित्झहून तिरानोला जायचं असेल तर उजवीकडची, असं मी झोपेतच सांगितलं. हिमनद्या उजवीकडे, वर खिंडीतलं लागो बियांको हे तळंही उजवीकडे. आणि पुढे न विचारलेला सल्लाही दिला: ती छतापर्यंत काचा असलेली दिमाखदार गाडी सोड, त्याच रुळांवरून तिथल्या लोकांची साधी गाडी जाते, तिने जा. तिला आरक्षण लागत नाही, काही डब्यांच्या खिडक्या उघडतात, आणि गर्दी नसेल तर या बाजूचं त्या बाजूला उठून जाता येतं. भाची म्हणाली, "बघते." म्हणजे काचेचीच घेणार.

हा रोग मला बाबांकडून आला. आम्ही ठाण्याचे, नौपाड्यातले. पुण्याला जायचं तर ठाण्याला गाडीत चढणं सोयीचं, हे कुणीही सांगेल. पण ठाण्याला येईपर्यंत गाडी भरलेली, खिडकी कुठली मिळायला! म्हणून बाबा आम्हाला पहाटे उठवून लोकलने उलटे व्ही.टी.ला न्यायचे. तिथे गाडी फलाटाला लागत असतानाच खिडकीतून रुमाल टाकायचे. मग तासाभराने तीच गाडी आम्हाला घेऊन ठाण्यावरून जायची आणि फलाटावरच्या ठाणेकरांकडे आम्ही जरा वरूनच बघायचो.

रुमाल कुठल्या बाजूला टाकायचा, यावर मात्र घरात कधीच एकमत नव्हतं. बाबांचं म्हणणं डावीकडे. खरी दरी डावीकडेच दिसते. काका म्हणायचे, छट्, उजवीकडे. दोघांनी बोरघाट इतक्यांदा पाहिलेला की दोघांकडेही पुरावे होते. बाबा ठाकूरवाडीचा दाखला देत, काका मंकी हिलचा. घाटात बोगद्यामागून बोगदे. एका बोगद्यात शिरताना बाबा जिंकत असायचे आणि बाहेर येताना काका. पावसाळ्यात तर दोन्हीकडून धबधबे, त्यामुळे निकाल लागायचाच नाही. बाबा गेले, काका आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, पण विषय निघाला की अजून "उजवीकडे" म्हणतात.

आईला दरीशी घेणंदेणं नव्हतं. ती ऊन बघायची. सकाळची गाडी, व्ही.टी.पासून कल्याणपर्यंत ऊन उजवीकडून येतं. कल्याण सोडलं की गाडी कर्जतकडे वळते आणि ऊन डावीकडे जातं. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, तिने आपलं अनुभवाने ताडलेलं. कल्याण आलं की ती पिशवी उचलून समोरच्या बाकावरच्या बाईंना गोड आवाजात म्हणायची, "जरा सरकता का, इकडे सावली आहे बघा," आणि दोन मिनिटांत जागांची अदलाबदल झालेली असायची. "दरी काय पळून जातेय? ऊन लागलं की डोकं उठतं."

आम्हा पोरांचा निकष तिसराच. कर्जतला फलाट कुठल्या बाजूला येणार? कारण वडेवाला त्या बाजूने येणार. घाट चढायला मागून जादा इंजिनं जोडायची म्हणून गाडी थांबायची, मागून एक दणका बसायचा, आणि तेवढ्या वेळात गजांमधून कागदाचा पुडा आत यायचा. वडा इतका गरम की एका हातातून दुसऱ्या हातात उडवत राहायचं. चटणी गजाला लागायची. त्या गजांचा लोखंडी वास तळहाताला लागायचा तो पुण्यात आत्याकडे हात धुवेपर्यंत. दरी, ऊन, वडा. तिन्ही एका बाजूला आलेत असं मला तरी आठवत नाही.

बोरघाटात साधारण ३७ फुटांना १ फूट चढ आहे. भाची जाणार त्या सेंट मॉरित्झ-तिरानो मार्गावर, म्हणजे बर्निनाच्या रुळांवर, १४ फुटांना १ फूट. तिथे मागून इंजिन नाही, मधे दाते असलेला रूळ नाही, लहानशी मीटरगेज गाडी आपली चढते २,२५३ मीटरपर्यंत आणि पलीकडे इटलीत उतरते. १९१० पासून चालू आहे हे. उतरताना ब्रुझिओला दगडी कमानींचा गोल पूल लागतो. गाडी पूर्ण वेढा घेऊन स्वतःच्याच पुलाखालून बाहेर पडते. बाबा आणि काकांना तिथे नेऊन समोरासमोर बसवायला हवं होतं.

सायबेरियातल्या गाडीचा मामला आणखी वेगळा. मॉस्को ते व्लादिवोस्तोक नऊ हजार दोनशेहून जास्त किलोमीटर, जवळजवळ आठवडा. पूर्वेकडे जाताना बैकाल डावीकडे. शे-दोनशे किलोमीटर गाडी त्याच्या काठाने जाते. पण तिथल्या डब्यात झोपायच्या खोल्या एका बाजूला आणि लांब बोळ दुसऱ्या बाजूला. डबा जोडताना ज्या तोंडाने जोडला असेल, त्यावर तुमच्या खोलीत बैकाल येणार की सिग्नलचे खांब, हे ठरतं. आणि ती वेळ रात्रीची निघाली तर तीही बात नाही. जगातलं सगळ्यात खोल तळं उशाशी, आणि माणूस घोरतोय.

कोकण रेल्वेने बाबांना दगा दिला, असं ते म्हणायचे. १९९८ साली पूर्ण मार्ग सुरू झाल्यावर ते हट्टाने उजवीकडे बसले. पश्चिम उजवीकडे, म्हणजे समुद्र उजवीकडे, हिशेब साधा. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा झाला, नद्या झाल्या, भातखाचरं झाली. समुद्र काही येईना. तो मार्ग समुद्रापासून बराच आत आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण रत्नागिरीपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. डावीकडे सह्याद्री चाललेला, ते पाहायला आई. ऊन नव्हतं तिकडे.

कधी कधी वाटतं, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या त्या पहिल्या गाडीत चौदा डबे होते आणि चारशे पाहुणे. कुठल्या बाजूला बसा हे सांगणारा एकही अनुभवी माणूस त्यात नव्हता. केवढी ती शांतता असेल घराघरांत!

नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने २००९ मध्ये यावर भलताच तोडगा काढला. बर्गन ते ओस्लो रेल्वेला शंभर वर्षं झाली म्हणून सात तासांहून लांबलेला अख्खा प्रवास, काही न कापता, टीव्हीवर दाखवला. बराच वेळ इंजिनाच्या नाकावरून. मी तो तुकड्यातुकड्याने पाहिलाय. फिन्सेजवळचा बर्फ सुरेख आहे. पण समोर रूळ बघत बसायचं म्हणजे मोटरमन झाल्यासारखं वाटतं, आणि मोटरमनला कामाचे पैसे मिळतात.

माझी हल्लीची खोड सांगतो. मी गाडीच्या दिशेकडे पाठ करून बसतो. तोंड पुढे असलं की चांगलं काही दिसतंय असं वाटेपर्यंत ते अंगावरून निघून जातं. उलटं बसलं की ते आधी एकदम बाजूला येतं आणि मग हळूहळू, बराच वेळ लांब जात राहतं. दरी तर उलटीच बघावी. हे मला फार उशिरा लक्षात आलं, आणि मग आठवलं की बाबा नेहमी उलटेच बसायचे. आम्हाला तोंड पुढे करून बसवायचे म्हणून त्यांच्या वाट्याला ती जागा यायची, असं आम्ही धरून चाललो होतो.

बायकोला उलटं बसलं की मळमळतं, त्यामुळे आमच्यात भांडण नाही; समोरासमोर दोन खिडक्या मिळाल्या की झालं. मिळाल्या तर. एरवी माझा प्रवास सकाळच्या ठाणे-वाशी लोकलचा. पारसिकचा डोंगर डावीकडे, खाडी उजवीकडे. २०२२ साली रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेलेली खाडी आहे ती, फ्लेमिंगो बघायला लोक ऐरोलीला येऊन बोटीत बसतात. मला त्या गाडीत ऐरोली, रबाळे, घणसोली येताना दिसते ती पुढच्याची पाठीवरची सॅक. कोपरखैरणेला थोडी जागा होते. तेव्हा चौथी सीट मिळाली तरी बसून घ्यावं, बाजू विचारू नये.