आमची वाटचाल : फिक्श्चरच्या पिनांपासून स्केचच्या कॉन्स्ट्रेंटपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील आमचा छोटा कारखाना जिग आणि फिक्श्चर बनवतो. आसपासच्या फाउंड्र्यांत तयार होणारी पंपांची केसिंग, व्हॉल्व्हच्या बॉडी आणि गिअर हाउसिंग मशीनवर पक्की धरून ठेवणारी साधने, हे आमचे काम. वडिलांच्या काळात त्यांची ड्रॉइंग बोर्डावर ड्राफ्टर लावून ट्रेसिंग पेपरवर काढली जात. पुढे संगणकावर ड्रॉइंग काढणारे ऑटोकॅड आले आणि बोर्ड भिंतीला टेकवला गेला, तरी काढण्याची रीत मात्र तीच राहिली : रेघ जिथे ओढली तिथे राहायची आणि माप तिच्यावर मागाहून लिहिले जायचे. गिऱ्हाइकाने त्याच व्हॉल्व्हचा मोठा साइज आणला, की जुनी फाइल उघडून एकेक रेघ सरकवत बसण्यावाचून गत्यंतर नसे.

गिऱ्हाइके ड्रॉइंगबरोबर थ्रीडी मॉडेलही मागू लागली, तेव्हा आम्ही नवे सॉफ्टवेअर शोधायला लागलो. लायसनचा खर्च आमच्या उलाढालीला झेपणारा नव्हता, म्हणून फ्रीकॅड निवडले. ते विनामूल्य आहे आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आल्यापासून रोजच्या कामाला अधिक भरवशाचे वाटते. मॉडेल उभे करणे, कापणे, भोके पाडणे या गोष्टी आमच्या मुलांना लवकर जमल्या. सगळे अडत होते ते त्याआधीच्या पायरीवर, म्हणजे ज्या सपाट आकृतीवरून मॉडेल उभे होते त्या स्केचवर. आधी अंदाजाने आकृती काढायची आणि मग तिला नियम, म्हणजे कॉन्स्ट्रेंट, घालायचे, ही उलटी वाटणारी पद्धत तशी जुनीच आहे. आयव्हन सदरलंड यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत सादर केलेल्या स्केचपॅड या संगणकावर आकृती काढण्याच्या प्रोग्रॅममध्येही ती होती. पण ज्यांचा हात आधी माप घेऊन मग रेघ ओढायला शिकला आहे, त्यांना ती पचायला वेळ लागतो.

आमच्यापुरता हा गुंता सुटला तो आमच्याच धंद्यातल्या एका नियमामुळे. फिक्श्चर बनवणारा प्रत्येक जण ३-२-१ हे सूत्र जाणतो : जॉबला, म्हणजे मशीनवर धरायच्या भागाला, हालचालीच्या सहा मोकळिकी असतात (तीन दिशांना सरकणे आणि तीन अक्षांभोवती फिरणे), तळाचे तीन आधार त्यांतल्या तीन काढून घेतात, बाजूचे दोन आणखी दोन आणि टोकाचा एक शेवटची. स्केचही हाच हिशोब करते, फक्त सपाट पृष्ठभागावर. बिंदूला दोन मोकळिकी, रेषेला चार, वर्तुळाला तीन आणि कंसाला पाच. चार सुट्या रेषांचा आयत घेतला तर मोकळिकी सोळा होतात. चारही कोपरे जुळवले की आठ जातात, दोन रेषा आडव्या आणि दोन उभ्या केल्या की आणखी चार जातात, आणि उरतात नेमक्या चार : लांबी, रुंदी आणि आयताची जागा ठरवणारी दोन मापे. समोरासमोरचे दोन कोपरे मूळबिंदूभोवती सममित केले, तर जागेची मापेही द्यावी लागत नाहीत. बेस प्लेटचे स्केच आम्ही नेहमी असेच सुरू करतो. शेवटची मोकळीक संपली की फ्रीकॅडमध्ये रेषा हिरव्या होतात.

आता कोणी याच आयतात समोरासमोरच्या बाजू समान असल्याचा कॉन्स्ट्रेंट घातला, तर सॉफ्टवेअर तक्रार करते. नवशिक्याला याचे आश्चर्य वाटते, कारण त्या बाजू समान आहेतच. इथे डायमंड पिनची, म्हणजे फिक्श्चरमधल्या बाजू छाटलेल्या पिनची, आठवण द्यावी लागते. तळाच्या तीन आधारांवर (रेस्ट पॅडवर) बसलेल्या जॉबला त्या प्रतलात तीन मोकळिकी उरतात. जॉबच्या एका भोकात बसणारी गोल पिन त्यांतल्या दोन घेते, म्हणून दुसऱ्या भोकात पुन्हा गोल पिन बसवली तर तीन मोकळिकींवर चार बंधने येतात आणि भोकांच्या अंतरात किंचित फरक पडला तरी जॉब अडकतो. त्यासाठीच दुसरी पिन बाजूंनी छाटलेली असते : दोन पिनांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने ती जागा सोडते आणि जॉबचे फिरणे तेवढे थांबवते. स्केचमधला अनावश्यक कॉन्स्ट्रेंट म्हणजे ही दुसरी गोल पिनच. हे सांगितल्यावर आमच्या फिटरनी, ज्यांनी संगणकाला कधी हात लावला नव्हता, तक्रारीचे कारण डिप्लोमा झालेल्या मुलांच्या आधी ओळखले.

क्लॅम्पमधला स्लॉट, म्हणजे दोन्ही टोके गोल असलेली लांबट खाच, हे आमच्याकडे नव्या मुलाला दिले जाणारे पहिले खरे काम. दोन कंस आणि दोन रेषा मिळून अठरा मोकळिकी होतात. चारही सांध्यांवर टोके जोडून स्पर्शिकेचा कॉन्स्ट्रेंट दिला की प्रत्येक सांध्याला तीन, अशा बारा संपतात आणि सहा उरतात. स्लॉट दिसायला अगदी बरोबर असतो. पण एका कंसाला ७ मिमी त्रिज्या देऊन दुसरा माउसने ओढला, की स्लॉट एका टोकाला निमुळता होतो, कारण दोन्ही त्रिज्या समान आहेत हे स्केचला कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून आमचा शिरस्ता आहे की माप टाकण्याआधी आकृती ओढून पाहायची. जे हलते ते अजून बांधलेले नाही. दिसायला जुळलेली टोके प्रत्यक्षात सुटी असणे, हा सर्वांत चकवणारा प्रकारही त्यातच उघडा पडतो.

फ्रीकॅडमध्ये आकृती आहे त्या जागी गोठवणारा ब्लॉक नावाचा कॉन्स्ट्रेंट आहे. त्याचे योग्य उपयोगही असतील, पण स्केच झटपट हिरवे दिसावे म्हणून तो वापरण्याचा मोह नवशिक्याला फार होतो, तेव्हा आमच्याकडे त्याला मनाईच आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मापे कुठून द्यायची. व्हीएमसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर, ऑपरेटर ज्या डॉवेलच्या (जागा पक्की करणाऱ्या पिनच्या) भोकावरून शून्य घेतो, तिथेच आमच्या स्केचचा मूळबिंदू असतो आणि प्रत्येक भोकाचे माप तिथून दिले जाते. साखळीने, म्हणजे एका भोकापासून पुढच्या भोकाला अशी, मापे दिली तरी स्केच हिरवे होतेच. मात्र एक कडी बदलली की पुढची सगळी भोके सरकतात आणि ड्रॉइंगवर टॉलरन्सही (मापातली मान्य चूकही) साचत जातो.

याचा धंद्यावर झालेला परिणाम फ्लँजच्या, म्हणजे पाइप जोडणाऱ्या गोल कडीच्या, ड्रिल जिगमध्ये स्पष्ट दिसतो. पीएन १६ या दाबाच्या वर्गातील ८० मिमीच्या पाइपच्या फ्लँजचा बाहेरचा व्यास २०० मिमी आणि पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, १६० मिमी असतो. १०० मिमीच्या फ्लँजला तेच आकडे २२० आणि १८० होतात. भोके दोन्हींत आठच, १८ मिमीची, आणि मध्यरेषेवर न येता तिच्या दोन्ही बाजूंना साडेबावीस अंशांवर. आम्ही पीसीडीचे वर्तुळ फक्त आधारासाठीची, मॉडेलमध्ये न उमटणारी रेषा म्हणून काढतो, एका भोकाचे केंद्र त्या वर्तुळावर आणि कोनावर बांधतो, आणि मॉडेलमध्ये त्याची आठ आवर्तने करतो. साइज बदलला की दोन आकडे बदलायचे. पूर्वी याच बदलासाठी ड्रिलला वाट दाखवणाऱ्या प्रत्येक बुशची जागा नव्याने काढून तपासावी लागे. कोटेशन आता गिऱ्हाईक समोर बसलेले असतानाच देता येते.

जुन्या ड्रॉइंगांपैकी ज्यांची मागणी वेगवेगळ्या साइजमध्ये पुन्हा पुन्हा येते, तेवढीच आम्ही या पद्धतीने नव्याने बांधत आहोत. एकाच जॉबसाठी बनलेल्या फिक्श्चरची ड्रॉइंग ऑटोकॅडमध्येच ठेवली आहेत, कारण त्यांच्या स्केचवर घातलेला वेळ वसूल होत नाही.