व्हायरल लोड अनडिटेक्टेबल, पण चार शब्द लक्षात राहत नव्हते

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, एचआयव्ही असलेल्या लोकांच्या क्लिनिकमध्ये काम करते. ही केस सांगताना ओळख पटेल असं सगळं बदललंय. डॉक्टरांनी चिठ्ठीवर "मेमरी बघून घ्या" एवढंच लिहून पाठवलं होतं. तिशीतला माणूस, हिशेबाचं काम करणारा, सोबत मोठी बहीण. फाईल बघितली तर व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) कधीपासून अनडिटेक्टेबल (टेस्टमध्ये सापडणार नाही इतकं कमी), सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) 600 च्या वर, म्हणजे कागदावर तक्रारीला जागाच नाही.

आणि ताई सांगत होती की हा एकच बिल दोनदा भरतो, बोलता बोलता अडकतो, उगाच चिडतो, आधी जे काम सकाळच्या सकाळी उरकायचा ते आता दोन दोन दिवस रखडतं.

मी इंटरनॅशनल एचआयव्ही डिमेन्शिया स्केल घेतला, एचआयव्हीमुळे होणारा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आहे का ते प्राथमिक पातळीवर बघायला. पाचेक मिनिटांची टेस्ट आहे, चार शब्द सांगायचे, मग ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताची बोटं 5 सेकंदात जमतील तितक्या वेळा पटापट आपटायची, मग मूठ, आडवा तळवा, उभा तळवा हा क्रम 10 सेकंदात जितक्या वेळा जमेल तितका, आणि शेवटी ते चार शब्द परत विचारायचे. 12 पैकी 10 किंवा कमी आले की पुढे नीट तपासायचं. "मॅडम, हे तर लहान मुलांचं आहे," म्हणाला आणि मुठीनंतर हात हवेतच थांबला, पुढे काय ते आठवेना. परत सुरू केलं, परत तिथेच अडकला. दोनच वेळा क्रम पूर्ण झाला, एक शब्द गेला, एकूण 8. त्याचा चेहरा बघवत नव्हता, कारण त्याला कळत होतं.

ताईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि त्याला विचारलं, "जागं राहायला, पार्टीत, सेक्सच्या वेळी काही घेता का? मी हे सगळ्यांनाच विचारते." बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मेथ." म्हणजे मेथॅम्फेटामिन, जागं ठेवणारी उत्तेजक नशा. "आधी वीकेंडला, आता मधेअधेही. पण मॅडम, एचआयव्हीची गोळी एकदाही चुकवली नाही, खरंच."

मला त्याचं हे वाक्य फार लागलं. गोळी वेळेवर म्हणजे आपण सेफ, हे आम्हीच तर सगळ्यांना सांगतो, आणि रक्तापुरतं, दुसऱ्याला लागण होण्यापुरतं ते खरंही आहे. पण व्हायरस लागण झाल्यावर काही दिवसांतच पांढऱ्या पेशींमध्ये बसून मेंदूत पोचतो. तो न्यूरॉन्समध्ये, म्हणजे मेंदूच्या चेतापेशींमध्ये, शिरत नाही, मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेज या संरक्षण करणाऱ्या पेशींमध्ये मुक्काम करतो, आणि त्या पेशी जे विषारी प्रोटीन आणि सूज वाढवणारी रसायनं सोडतात त्याने शेजारचे न्यूरॉन्स मरतात. टॅट नावाचं व्हायरसचं प्रोटीन तर गोळ्या चालू असतानाही थोडं थोडं बनतच राहतं. 1996 च्या सुमाराला कॉम्बिनेशन थेरपी (एकत्र दिलेली एचआयव्हीची अनेक औषधं) आल्यापासून मोठा डिमेन्शिया क्वचित दिसतो, पण विचार आणि स्मरणशक्ती मंदावण्याचा हा सौम्य प्रकार अजून खूप दिसतो.

त्यात मेथ म्हणजे धुमसत्या निखाऱ्यावर फुंकर. मेथ मेंदूत डोपामिन या आनंद देणाऱ्या रसायनाचा पूर आणतं, त्यातून ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (पेशींना इजा करणारा रासायनिक ताण) वाढतो, रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर सैल पडतो आणि आणखी संसर्ग झालेल्या पेशी आत येतात. लॅबमध्ये असंही दिसलंय की डोपामिन वाढलं की मॅक्रोफेजमध्ये व्हायरस जास्त सहज शिरतो. व्हायरस आणि मेथ दोघांचा मारा एकाच जागी, स्ट्रायटम (मेंदूच्या आतला हालचाली आणि सवयी सांभाळणारा भाग) आणि पुढचा मेंदू, म्हणून वेग, क्रम, निर्णय हे सगळं आधी जातं. कोकेनचंही बरंचसं असंच. आणि एचआयव्हीच्या गोळ्यांत रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट (इतर औषधांचा असर वाढवणारी औषधं) असेल तर मेथची रक्तातली पातळी धोकादायक वाढू शकते. याच्या गोळ्यांत ते नव्हतं, ते बघून मला हायसं वाटलं.

लगेच निदान मात्र लिहिलं नाही. नशा उतरताना कोणाचाही स्कोर पडतो, झोप नसेल, डिप्रेशन असेल तरी पडतो. बी12, थायरॉईड, सिफिलिस, एमआरआय सगळं करून घेतलं, आणि काही आठवडे मेथ बंद राहिल्यावर स्मरणशक्ती, लक्ष, वेग अशा टेस्टची पूर्ण बॅटरी घेतली. कमतरता होतीच, सौम्य, पण रोजच्या कामाला नडेल इतकी.

काही लोक अशा पेशंटला "आधी व्यसन सोड मग ये" म्हणून परत पाठवतात, त्याचा मला प्रचंड राग येतो. ज्याचा स्वतःला आवरणारा भागच दुखावलाय त्याला एकट्याने आवरायला सांगायचं? मेथच्या व्यसनावर मान्यता मिळालेलं औषध अजून नाही, सगळ्यात जास्त उपयोग होतो तो युरिन टेस्ट क्लीन आली की लगेच छोटं बक्षीस द्यायच्या पद्धतीचा, सोबत काउन्सेलिंग. तेच सुरू केलं. गोळ्यांचा डबा, मोबाईलचे अलार्म, कामाच्या याद्या. मध्ये घसरला, पण स्वतः येऊन सांगितलं, हे मला क्लीन टेस्टपेक्षा मोठं वाटलं.

काही महिन्यांनी परत टेस्ट घेतली, शब्द वेगळे वापरले. बोटांचा वेग सुधारलाय, हाताचा क्रम न अडखळता होतोय, अर्धवेळ कामही सुरू केलंय. शब्द मात्र अजून निसटतात. ताईंनी विचारलं, "पहिल्यासारखा होईल ना हा?" मी सांगितलं, मेथ बंद राहिलं तर बरंच भरून येतं, पण किती आणि कधी ते मी आज सांगू शकत नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढची तारीख डायरीत लिहून घेतली.