स्क्रिप्टच्या हाती पान देण्याआधी

पान लावण्याच्या कामात ऑटोमेशन आणायचं म्हटलं की बहुतेक जण आधी कोड शोधायला जातात. गडबड तिथेच होते. स्क्रिप्टला, म्हणजे सॉफ्टवेअरकडून कामं करून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, पान दिसत नाही. तिला दिसतात स्टाइलची (जतन केलेल्या अक्षररूपाची) नावं, फ्रेमची (मजकूर किंवा चित्र धरणाऱ्या चौकटीची) नावं, लेयर आणि आकडे. एक शीर्षक हाताने १८ पॉइंट ठळक केलंय, दुसरं १७.५ पॉइंट. डोळ्याला दोन्ही शीर्षकंच, पण स्क्रिप्टच्या लेखी त्या दोन वेगळ्या गोष्टी. म्हणून नियम आधी फाइलमध्ये बसवायचे आणि कोडचा विचार नंतर करायचा. इथे मुख्यतः अ‍ॅडोबीच्या इनडिझाइन या पान लावायच्या सॉफ्टवेअरबद्दल लिहितोय, पण हा क्रम कुठल्याही लेआउट सॉफ्टवेअरला लागू आहे.

कोड न लिहिता बरंच काम होतं. उदाहरणार्थ, सूचीतल्या प्रत्येक नोंदीत नाव, वर्णन आणि किंमत असे तीन परिच्छेद असतील, तर तिन्हींच्या पॅराग्राफ स्टाइलमध्ये ‘नेक्स्ट स्टाइल’ गोलाकार लावा: नावानंतर वर्णन, वर्णनानंतर किंमत, किमतीनंतर पुन्हा नाव. मग सगळा मजकूर निवडून ‘नाव’ या स्टाइलवर राइट क्लिक करा आणि ती स्टाइल पुढच्या स्टाइलसकट लावण्याचा पर्याय घ्या. शेकडो नोंदी एका दमात रांगेत येतात. मात्र एका नोंदीत वर्णन नसेल, तर तिथून पुढचं सगळं एका घराने सरकतं आणि किमतीला नावाची स्टाइल लागते. त्यामुळे आधी मजकुरात प्रत्येक नोंदीच्या तीनच ओळी आहेत ना, हे तपासून घ्या.

मराठी मजकुरासाठी त्याहून आधीची एक पायरी आहे. सगळ्या पॅराग्राफ स्टाइल एकाच मूळ स्टाइलवर आधारा आणि त्या मूळ स्टाइलमध्ये ‘अ‍ॅडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर’ निवडा. अक्षरं ओळीत जुळवण्याची ही पद्धत नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. इनडिझाइनच्या स्क्रिप्ट पॅनेलमध्ये ‘इंडिक प्रेफरन्सेस’ नावाची तयार स्क्रिप्ट असते. ती एकदा चालवून प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला की भारतीय भाषांसाठीच्या मूळ सेटिंग नीट लागतात.

शोध आणि बदल हा सगळ्यात जास्त वेळ वाचवणारा भाग. इनडिझाइनसोबतच्या नमुना स्क्रिप्टमध्ये ‘फाइंडचेंजबायलिस्ट’ आहे. तिच्या शेजारच्या सपोर्ट फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल असते. तिच्यात प्रत्येक ओळीवर एक नियम: शोधाचा प्रकार, काय शोधायचं, काय घालायचं, पर्याय आणि वर्णन, मधे टॅब. जुळे स्पेस, विरामचिन्हाआधीचा स्पेस, रिकामे परिच्छेद अशी मुद्रितशोधनातली रोजची कामं या यादीत कायमची नोंदवता येतात. नियम वरून खाली चालतात, त्यामुळे क्रमाला महत्त्व आहे. विरामचिन्हाआधीचा स्पेस काढताना ग्रेपमधलं (नमुन्याने शोधण्याच्या पद्धतीतलं) ‘उलटा स्लॅश आणि एस’ हे चिन्ह वापरू नका. त्यात परिच्छेदाचा शेवटही धरला जातो आणि दोन परिच्छेद गुपचूप एक होतात. साधा स्पेसच लिहा.

आता मराठीतला एक बारकावा. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात ‘ऱ’ला हलन्त आणि पुढे ‘य’, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर आणि मग ‘य’. छापल्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. शोधाला मात्र ते वेगळे शब्द. ‘ॲ’ आणि ‘अ‍ॅ’ यांचंही तेच. तीन जणांनी टाइप केलेला मजकूर एकत्र आला की अर्ध्या जागी बदल होतो, अर्ध्या जागी होत नाही, आणि दोष स्क्रिप्टला दिला जातो. यादीचे पहिले दोन नियम या जोड्या एकसारख्या करणारेच हवेत, बाकी सगळं त्यांच्यानंतर. अंक शोधतानाही [०-९] असा पट्टा स्पष्ट लिहा.

डेटा मर्ज, म्हणजे तक्त्यातल्या नोंदी एका साच्यात भरून पानं बनवण्याची सोय, ओळखपत्रं, प्रमाणपत्रं आणि पाकिटांवरचे पत्ते यांना पुरतं. चित्राच्या कॉलमच्या शीर्षकाआधी @ लागतो. एक्सेल @ला सूत्र समजून अडतो, म्हणून त्याआधी एक अ‍ॅपॉस्ट्रॉफी टाका. देवनागरी डेटा साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या फाइलमध्ये) जतन केला की प्रश्नचिन्हं येतात. ‘यूनिकोड टेक्स्ट’ म्हणून जतन करा आणि आयात करतानाही यूनिकोड निवडा. रिकाम्या रकान्याची ओळ काढून टाकण्याची सोय आहे, पण ती ओळ पूर्ण मोकळी असेल तरच. ‘दूरध्वनी:’ हा शब्द ओळीत असेल, तर नंबर नसतानाही तो तसाच उरतो. अशा उरलेल्या लेबलांपासून स्क्रिप्टची खरी गरज सुरू होते.

स्वतःची स्क्रिप्ट स्क्रिप्ट पॅनेलमधल्या ‘यूजर’ फोल्डरमध्ये ठेवा. ‘अ‍ॅप्लिकेशन’ फोल्डरमध्ये ठेवलेली नव्या आवृत्तीसोबत मागे राहून जाते. लिहिताना पहिलं काम एककाचं: स्क्रिप्टच्या सेटिंगमध्येच मिलिमीटर ठरवून टाका, नाहीतर ती समोरच्या फाइलच्या रुलरवरचं एकक घेते आणि १० मिलिमीटरची जागा १० पॉइंटची होते. दुसरं म्हणजे फ्रेमच्या सीमांचा क्रम: वर, डावं, खाली, उजवं. आधी आडवं अंतर लिहायच्या सवयीने इथे जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी चुकतो आणि फ्रेम पानाबाहेर जाऊन पडते. तिसरं, सगळं काम ‘डूस्क्रिप्ट’ या आज्ञेमध्ये गुंडाळून ‘एन्टायर स्क्रिप्ट’ हा अनडू प्रकार द्या. मग चुकलं तर एका अनडूत सगळं मागे जातं. हे नसेल तर स्क्रिप्टने केलेला प्रत्येक छोटा बदल एकेक करून मागे घ्यावा लागतो.

डॉक्युमेंटच्या ‘टेक्स्टफ्रेम्स’ यादीत ग्रुपमधल्या फ्रेम येत नाहीत. सगळ्या हव्या असतील तर ‘ऑलपेजआयटम्स’मधून चाळा. वस्तू डिलीट करत जायचं असेल तर यादी शेवटाकडून मोजा. पुढून गेलात तर प्रत्येक डिलीटनंतर क्रमांक सरकतो आणि एकाआड एक वस्तू सुटते.

सगळ्यात जास्त जपायची जागा म्हणजे ओव्हरसेट, म्हणजे फ्रेममध्ये न मावलेला, मजकूर. टाइप करताना आपोआप पानं वाढवणारी ‘स्मार्ट टेक्स्ट रिफ्लो’ची सोय स्क्रिप्ट चालू असताना भरवशाची नाही, तेव्हा पानं स्क्रिप्टनेच वाढवायची. आधी फाइल रीकंपोज करा, म्हणजे मजकूर पुन्हा जुळवून घ्या, आणि शेवटच्या फ्रेमला ‘ओव्हरफ्लोज’ (मजकूर उरतोय का?) विचारा. उत्तर हो आलं तर नवं पान घाला, मार्जिनच्या मापाची फ्रेम काढा, आधीच्या फ्रेमला जोडा आणि पुन्हा विचारा. दिसायला चार ओळींचा लूप, पण तो कधीच न थांबण्याची शक्यता असते. मजकुरातलं एखादं चित्र फ्रेमपेक्षा उंच असेल, तर ते कुठल्याच पानावर मावत नाही आणि स्क्रिप्ट रिकामी पानं जोडत सुटते. म्हणून प्रत्येक फेरीत नव्या फ्रेममधली अक्षरं मोजा. शून्य आली की थांबा आणि पान क्रमांकासह संदेश द्या. तक्त्यांना ही कसोटी चालत नाही, कारण अख्खा तक्ता मजकुरात एकच अक्षर धरला जातो आणि मधल्या पानांवर शून्य मिळू शकतं. तिथे फेऱ्यांना कमाल मर्यादा घाला, अंदाजित पानांच्या दीडपट. तक्त्याची एक ओळ दोन फ्रेममध्ये तुटत नाही हेही लक्षात असू द्या. लांबलचक मजकुराचं एकच घर (सेल) संपूर्ण तक्ता अडवू शकतो.

चित्रांची तपासणी मात्र स्क्रिप्टला डोळे झाकून द्यावी. प्रत्येक लिंकची (जोडलेल्या चित्रफाइलची) स्थिती, रंगाचा प्रकार आणि ‘इफेक्टिव्ह पीपीआय’ (छापील मापाला दर इंचात पडणारे पिक्सेल) ती काही सेकंदांत वाचते. ३०० पीपीआयचं चित्र १५० टक्के मोठं केलं की प्रत्यक्षात २०० उरतं. पानावर पाहून हे कळत नाही. आढळलेल्या चुका तिने आपण होऊन दुरुस्त करू नयेत. पान क्रमांक, फाइलचं नाव आणि आकडा टेक्स्ट फाइलमध्ये लिहावा. कुठलं चित्र बदलायचं आणि कुठलं लहान करायचं हे पान लावणाऱ्यानेच ठरवायचं असतं.

जुन्या स्क्रिप्ट अ‍ॅडोबीच्या एक्स्टेंडस्क्रिप्ट या भाषेत आहेत. ती जावास्क्रिप्टची १९९९ची ठेवण, त्यामुळे इंटरनेटवरून उचललेला आजचा कोड त्यात अडतो. इनडिझाइन २०२३पासून यूएक्सपी ही अ‍ॅडोबीची नवी स्क्रिप्ट-व्यवस्था आली, तिथे आधुनिक जावास्क्रिप्ट चालतं. पण जुनी स्क्रिप्ट जशीच्या तशी हलवता येत नाही. उदाहरणार्थ, यादीतली पहिली वस्तू चौकटी कंसाने मिळत नाही, ‘आयटम’ वापरून मागावी लागते. चालणारी स्क्रिप्ट केवळ नवं आलंय म्हणून बदलायची घाई करू नका. स्क्रायबस या मोफत लेआउट सॉफ्टवेअरमध्ये हेच काम पायथनने होतं. १.६ आवृत्तीत देवनागरी नीट जुळते. फ्रेम काढताना तिथे आडवं, उभं, रुंदी, उंची असा क्रम आहे, म्हणजे इनडिझाइनपेक्षा वेगळा.

प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला बाहेरून जोडायचं तयार साधन, कधी घ्यावं? डेटा छपाईच्या दिवसापर्यंत बदलत असेल आणि लावलेलं पान न मोडता नवे आकडे आत यायला हवे असतील तेव्हा. ईझीकॅटलॉगसारखं प्लगइन पानावरचा मजकूर आणि डेटा यांचं नातं टिकवून ठेवतं. डेटा मर्जमधून पानं तयार झाली की त्यांचा मूळ डेटाशी संबंध राहत नाही. वर्षातून एकदाच निघणाऱ्या सूचीला स्क्रिप्ट पुरते. सी प्लस प्लसमध्ये बनलेली प्लगइन इनडिझाइनच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीसाठी नव्याने लागतात. म्हणून काम अर्ध्यावर असताना आवृत्ती बदलू नका. बदलायचीच असेल तर आधी आयडीएमएल (इतर आवृत्त्यांतही उघडणाऱ्या स्वरूपातली) प्रत काढा, नव्या आवृत्तीत प्लगइनशिवाय ती उघडा आणि कुठल्या फ्रेम रिकाम्या आल्या ते पाहून घ्या.