तेहतिसाव्यापासून सुरुवात

"एक्केचाळीस?" असं म्हणून माणसं पुस्तक माझ्या हातात परत ठेवतात. चूक माझीच. इंग्रज लेखक टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड या विनोदी मालिकेत १९८३ ते २०१५ दरम्यान ४१ कादंबऱ्या आल्या, हे आधी सांगायचं काही कारण नसतं. पण भक्ताला आकडा सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मग पुढचा प्रश्न येतो, पहिल्यापासून वाचायला हवं का? मुळीच नको. तेहतिसावी घ्या, २००४ सालची 'गोइंग पोस्टल'. पहिल्या दोन कादंबऱ्यांत प्रॅचेट इतरांच्या जादूगार-तलवारबाजांच्या कथांची टर उडवतो. ज्याची टर चाललीय तेच वाचलेलं नसेल तर हसणार कशाला? पोस्ट ऑफिस मात्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बाकी जगाची ओळख एका वाक्यात संपते: कासवाच्या पाठीवर चार हत्ती, हत्तींच्या पाठीवर थाळीसारखी सपाट पृथ्वी. आपल्याला यात काय नवल?

माझे काका आरएमएसमधून, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेतून, निवृत्त झाले. धावत्या गाडीच्या डब्यात उभं राहून पत्रं खणांत टाकण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. इंग्रजी कादंबरी ते वाचणार नाहीत, म्हणून गेल्या पावसाळ्यात मी त्यांना ही गोष्ट रोज थोडी थोडी सांगितली.

मॉइस्ट फॉन लिपविग हा पक्का भामटा. उद्या फाशी आहे आणि हा कोठडीच्या भिंतीतला दगड चमच्याने उकरतोय. कित्येक आठवड्यांच्या मेहनतीनंतर आज तो निघतो. मागे दुसरा दगड, आणि शेजारी एक कोरा चमचा! काका इथे जे हसले, त्यावरून गाडी रुळावर लागली हे मला कळलं. पुढे त्याला फाशी देतात, पण बेताची. शुद्धीवर येतो तो अँख-मॉरपॉर्क शहराचा हुकूमशहा लॉर्ड व्हेटिनारी याच्यासमोर. व्हेटिनारी त्याला बंद पडलेल्या टपालखात्याचा पोस्टमास्तर व्हायला सांगतो. नको असेल तर ते दार उघडं आहे, खुशाल जा. दारापलीकडे जमीनच नाही.

पोस्टात छतापर्यंत न वाटलेली पत्रं. कर्मचारी दोन: घरगुती औषधं अंगाला चोपडणारा म्हातारा ग्रोट, म्हातारा झाला तरी हुद्दा ज्युनिअर पोस्टमनचाच, आणि टाचण्या जमवणारा पोरगा स्टॅन्ली. "प्रमोशन अडकलं असणार," काका म्हणाले, आणि त्यांनी ग्रोटला तिथल्या तिथे आपल्या माणसांत घेतलं.

तोंडी भाषांतरात काही ठिकाणी मात्र हात टेकावे लागले. या मालिकेत मृत्यू हे एक पात्र आहे, तो फक्त कॅपिटल अक्षरांत बोलतो. देवनागरीत कॅपिटल आणायची कुठून? त्याची ओळख करून देताना मी खर्जात बोलले, तर आतून काकूंनी विचारलं, घसा बसलाय का. पोस्टाच्या दर्शनी भिंतीवरचं ब्रीदवाक्य हा दुसरा घोळ. आपल्याकडे पाटीवरून काना-मात्रा गळतात. तिथे अख्खी अक्षरं चोरीला गेलीत आणि केशकर्तनालयाच्या पाटीवर जाऊन बसलीत. हा विनोद मी समजावून सांगितला. म्हणजे संपलाच.

सॉर्टिंगच्या यंत्रावर मात्र आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली. ते बनवणाऱ्या महाभागाला 'पाय'चे, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास या आकड्याचे, दशांश अपूर्णांक गबाळे वाटले, म्हणून त्याने असं चाक घडवलं की ज्याचा 'पाय' नेमका ३. मग ते यंत्र अजून लिहिलीच न गेलेली पत्रंही बाहेर टाकू लागलं. "बावीस सप्तमांश तरी धरायचे," काका म्हणाले. ते गंभीर होते.

सगळंच जमलंय असं नाही. खलनायक गिल्ट जरा जास्तच नाटकातला आहे, आणि मारामारी आली की मी पानं भराभर उलटते. पण पोस्टाचा प्रतिस्पर्धी, म्हणजे 'क्लॅक्स', तिथे प्रॅचेट मला धरून ठेवतो. उंच मनोऱ्यांवरून उघडझाप करत संदेश पाठवायची ही यंत्रणा. मनोऱ्यावर मेलेल्या जॉन डिअरहार्टचं नाव त्याचे सोबती मनोऱ्या-मनोऱ्यांवरून सतत फिरतं ठेवतात. नावाआधी तीन अक्षरं, जी, एन, यू: पुढे पाठवा, नोंद करू नका, टोकाला पोचलं की परत फिरवा. नाव उच्चारलं जातंय तोवर माणूस मेला नाही, असा हिशेब. २०१५च्या मार्चमध्ये प्रॅचेट गेला, तेव्हा वाचकांनी याच तीन अक्षरांसह त्याचं नाव आपापल्या वेबसाइटच्या न दिसणाऱ्या हेडरमध्ये घातलं. ते अजून फिरतंय.

हे सांगताना माझा आवाज जरा हलला. काका बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. आपल्याकडची तार २०१३च्या जुलैत बंद झाली, ते त्यांना आठवत असावं असं मला वाटलं.

"नोंद करायची नाही," शेवटी ते म्हणाले. "हुशार आहेत. ऑडिटला सापडायचं नाही."