सायगॉनला नेलेला काजू

शिष्टमंडळ हा शब्द मी आजवर बातम्यांतच ऐकला होता. मंत्री कुठेतरी जातात, सोबत शिष्टमंडळ जातं. नोव्हेंबरात मी स्वतःच त्यात होते. गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो, खाली ‘उद्योजिका, वेंगुर्ला’. सासूबाईंनी ते कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "आणि घोवाचा नाव खंय?"

आमचा काजूचा कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, एक बॉयलर, एक ड्रायर आणि अकरा बायका. सासूबाईंनी चालू केला, मी वाढवला. वर्षाला साधारण 60 टन बी फोडतो. एका व्यापारी मंडळाने व्हिएतनामचा अभ्यासदौरा काढला तेव्हा मी लगेच पैसे भरले, कारण मला कटिंगचं ऑटोमॅटिक मशीन बघायचं होतं. सावंतवाडीहून तुतारी एक्सप्रेस, मुंबईहून विमान आणि सकाळी हो ची मिन्ह सिटी. तिथले लोक बोलताना अजून सायगॉनच म्हणतात.

आम्ही चौदा जण. आंब्याचा पल्प करणारे दोघे, कोकम आगळवाले एक, कोळंबीवाले तिघे आणि दोन असे, की त्यांचा धंदा काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण प्रत्येक फोटोत ते मधोमध आहेत. पहिला दिवस हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये गेला. भाषणं, व्हिजिटिंग कार्डं, ‘सामंजस्य करार’ नावाच्या कागदावर सह्या. सह्या कशावर झाल्या हे सही करणाऱ्यांनीही वाचलं नसावं. संध्याकाळी कॉफी प्यायले, 30 हजार डोंगांची. मेनूकार्ड बघून पोटात गोळाच आला होता. मग हिशेब केला, रुपयाला साधारण 300 डोंग, म्हणजे शंभर रुपये. गोड दाट दूध, त्यावर कडक काळी कॉफी आणि बर्फ. वसूल.

दुसऱ्या दिवशी काजूचा कारखाना बघायला बस बिन्ह फुओक भागाकडे निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रबराची झाडं ओळीनं उभी, दोडामार्गला आल्यासारखंच वाटलं. आमच्या दुभाषी मुलीने बसमध्ये मला विचारलं, तुम्हाला ‘को’ म्हटलं तर चालेल ना? को म्हणजे आत्या. त्यांच्यातही बापाच्या भावाला वेगळं, बहिणीला वेगळं, आणि परक्या माणसालाही नातं जोडूनच हाक मारायची. त्यानंतर मी तिच्याशी इंग्रजी चुकायला अजिबात लाजले नाही.

कारखान्याबद्दल काय सांगू! गोदामात छतापर्यंत गोणी आणि गोणींवर आफ्रिकेतल्या देशांची नावं. व्हिएतनामने 2006 मध्ये काजूगराच्या निर्यातीत भारताला मागे टाकलं, तेव्हापासून पहिला नंबर सोडलेला नाही. पण फोडतात ती बरीचशी बी त्यांची नाहीच. आयव्हरी कोस्टहून, टांझानियाहून, शेजारच्या कंबोडियातून येते. म्हणून कारखाना बारा महिने चालतो. आमची शेड पावसाळा सरला की बी शोधत बसते, आणि तीही वेंगुर्ल्यात, जिथल्या काजूला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, जिथल्या संशोधन केंद्राची वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 ही कलमं नर्सऱ्या नावानिशी विकतात. आम्ही वर्षभरात फोडतो ती बी त्यांना दोन दिवसही पुरणार नाही. फोडायला मशीन, साल उडवायला हवेचा झोत, रंग बघून दाणा बाजूला काढायला कॅमेरा. बायका होत्या त्या शेवटच्या पट्ट्यापाशी, हातमोजे घालून. आमच्याकडे बी फोडायला बसताना हाताला तेल आणि राख लावतात, तरी टरफलाचं तेल बोटांची कातडी सोलून काढतं. ते हातमोजे मी बराच वेळ बघत राहिले.

दुपारी मशीन बनवणाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये गेलो. साधाच गाळा, कुडाळच्या एमआयडीसीत शोभेल असा. लेथवर दोन पोरं, कोपऱ्यात आफ्रिकेला जायचं मशीन प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. मालक पन्नाशीचा, पायात स्लिपर. मी किंमत विचारली. त्याने उलट विचारलं, तुमचा माल आहे का सोबत?

होता ना. भेट द्यायला म्हणून W240 ची व्हॅक्युम पाकिटं नेली होती. 240 म्हणजे पौंडाला 220 ते 240 दाणे, आमचा दाखवायचा माल. त्याने पाकीट फोडलं, खाल्ला एकही नाही. दहा दाणे टेबलावर ओळीनं मांडले, टेबललॅम्प ओढून जवळ घेतला आणि एकेक दाणा नखाने उलटा केला. तीन बाजूला काढले. त्यांच्या पाठीवर कडेला बारीकशी पांढरी रेघ होती. मला ती आजवर दिसलीच नव्हती, की दिसूनही मी बघितली नव्हती.

मुलगी म्हणाली, "को, ते विचारतायत, वाफेवर शिजवल्यावर फोडायच्या आधी किती तास थांबता?"

"रात्रभर," मी म्हटलं.

तो हसला आणि चार बोटं दाखवली. मग भुवया उंचावून त्यातलं एक बोट मिटलं.

तीनच. एप्रिल-मेच्या घाईत सकाळी बॉयलर, दुपारी फोडणी. बी आतून गरम असते, टरफल मऊ असतं आणि गर त्याला चिकटून बसलेला असतो. पातं टरफलाबरोबर गरालाही लागतं. गार झाली की टरफल कडक होतं, गर आतल्या आत सुटतो. शंभर दाण्यांमागे आमचे अठरा-वीस फुटतात त्यातले बरेचसे इथेच फुटत असणार. तो म्हणाला, हीच बी मी माझ्या मशीनमध्ये घातली तर ती जास्त वेगाने फुटेल, एवढंच. ग्राहक दारात आलेला असताना असं सांगणारा विक्रेता मी पहिल्यांदाच बघितला.

रात्री जेवणात माशाचं आंबट सूप होतं, चिंचेचं. कोकमवाले म्हणाले, यात आपली चार सोलं पडायला हवी होती. परदेशात एवढा मुद्देसूद प्रस्ताव दुसऱ्या कोणी मांडला नाही.

घरी आले. दुसऱ्या दिवशी बायकांना सगळं सांगितलं, रेघेचं, तीन बोटांचं. आमच्याकडची सगळ्यात जुनी मावशी पाटावरून उठलीसुद्धा नाही. "माका धा वर्सां झाली सांगतंय, बी रातभर थंड होवंक व्हयी, मगे फोडूची. तुमका ऑर्डरीची घाई." खरंच सांगत होती. मी दर वेळी ‘हो हो’ म्हणून पुढे जात होते.

आता बॉयलर संध्याकाळी पाचला लावतो आणि बी ट्रेमध्ये पसरून शेडला कुलूप घालतो. मशीन घेतलेलं नाही. हातमोजे मात्र घेतले. अकरापैकी चौघीच घालतात, बाकीच्या म्हणतात बोटांना बी कळत नाही.

सासूबाईंसाठी सायगॉनहून खारवलेल्या काजूचा डबा आणला होता. तिथे तो तांबड्या सालीसकटच भाजून विकतात, खाताना चुरडून साल काढायची. त्यांनी एक दाणा हातात घेतला, चश्मा वर केला आणि म्हणाल्या, "ह्येंका साली काढूक बायो गावनत नाय काय?"